धातू नसलेला दगड: एका आर कॉन्ड्राइटच्या प्रकल्प नोंदी

४ जून
दगड ताब्यात आला, आकाशातून पडलेला अशनी. वजन १८४.२ ग्रॅम, मुठीत मावेल एवढा. वायव्य आफ्रिकेच्या वाळवंटात सापडलेला, पण नेमक्या कुठल्या जागी ते कुणालाच सांगता येत नाही. अशा दगडांना गावाचं किंवा डोंगराचं नाव मिळत नाही. 'नॉर्थवेस्ट आफ्रिका' आणि पुढे एक क्रमांक, एवढंच मिळतं.

एका बाजूला वितळून झालेली काळी साल जवळजवळ शाबूत आहे, अर्ध्या मिलिमीटरहून पातळ. दुसऱ्या बाजूला तुटलेला भाग. गडद राखाडी पार्श्वभूमी, तिच्यात फिकट ठिपके आणि एक बोटाच्या पेराएवढा फिकट डाग, कडा अगदी ठळक. भिंगातून गोल दाणे स्पष्ट दिसतात. म्हणजे कॉन्ड्राइट (अशा गोल दाण्यांचा दगडी अशनी), यात शंका नाही.

मात्र तुटलेल्या बाजूवर धातूचा एकही कण चमकत नाही. साध्या कॉन्ड्राइटचा तुकडा प्रकाशात फिरवला की कुठे ना कुठे लुकलुकतोच. हा कितीही फिरवला तरी मुका. आज दिवसभर तेवढंच डोक्यात आहे.

६ जून
चुंबकीय ग्रहणशीलता मोजली, म्हणजे चुंबकीय क्षेत्राला दगड किती प्रतिसाद देतो ते. साधं लोहचुंबक मात्र दगडाच्या आसपासही येऊ दिलं नाही. वाळवंटात अशनी गोळा करणारे बरेचदा ताकदीचं चुंबक टेकवून पारख करतात आणि त्या एका स्पर्शात दगडाने साडेचार अब्ज वर्षं जपलेली जुन्या चुंबकीय क्षेत्राची खूण पुसली जाते. या दगडाचं आधीच तसं झालेलं असेलही, पण आपल्या हातून ते होता कामा नये. यंत्राचं क्षेत्र फार दुबळं असतं, त्याने काही बिघडत नाही.

दहा वेळा मोजून सरासरी ३.२ आली (वस्तुमानामागची ग्रहणशीलता, नेहमीच्या एककात, लघुगणकाने). साध्या कॉन्ड्राइटचे एच, एल आणि एलएल असे तीन गट, धातू उतरत्या क्रमाने. पडताना पाहिलेल्या ताज्या एच कॉन्ड्राइटचा हाच आकडा ५.३ च्या आसपास असतो, एलचा ४.९, एलएलचा ४.१. लघुगणक असल्याने एलएलपेक्षाही हा दगड जवळजवळ आठपट मंद.

मार्गदर्शक मॅडमना आकडा दाखवला. त्या म्हणाल्या, "धातू नाही, हे कळलं. पण तो कधी नव्हताच, की होता आणि गंजून गेला? ते यावरून कळत नाही. तेवढं शोधून काढ, बाकीचं त्याच्या मागून येईल."

बरोबर आहे. हजारो वर्षं वाळवंटात पडलेल्या अगदी साध्या एल कॉन्ड्राइटचा धातूही गंजात जातो आणि त्याचा आकडा असाच खाली उतरतो. मग तो दुर्मीळ ठरत नाही, नुसता गंजका ठरतो. वहीच्या आतल्या पानावर दोन ओळी लिहून ठेवल्या: 'अ – नव्हताच' आणि 'ब – गंजला'. यातली एक खोडली गेली पाहिजे.

११ जून
दगड कापला. छेद करणाऱ्या काकांनी पातळ हिऱ्याचं पातं लावलं आणि पाण्याऐवजी अल्कोहोल वापरलं. पाण्यात क्षार विरघळतात, वर नवा गंज धरतो. कापाची जागा मी सुचवली, फिकट डागाच्या मधून. तिथे दगड घट्ट होता, कडा ढासळायची भीती नव्हती. पात्याच्या जाडीएवढा दगड भुगा होऊन गेला, तोही कागदात बांधून ठेवला.

कापलेल्या तोंडावर काकांनी बोट फिरवलं. "गंज रेषेरेषेने आलाय बघ, आतून नाही." वर्षानुवर्षं दगड कापणाऱ्या माणसाचं बोलणं आहे, म्हणून शब्दशः उतरवून ठेवलं.

१९ जून
पहिला पातळ छेद तयार. जाडी ३० मायक्रॉन. दोन दिवस घासण्यातच गेले, कारण सल्फाइड (गंधकाचं खनिज) मऊ आणि ऑलिव्हिन (दगडातलं मुख्य सिलिकेट खनिज) कठीण. दाब जरा वाढला की सल्फाइडचे दाणे उपटून येतात आणि जागेवर काळे खड्डे राहतात. तसं झालं असतं तर पुढची मोजदादच खोटी पडली असती. शेवटचा हात पाव मायक्रॉनच्या हिरा-पेस्टने दिला.

२० जून
आज पूर्ण दिवस सूक्ष्मदर्शकापाशी. परावर्तित प्रकाशात लोह-निकेल धातू आरशासारखा पांढरा दिसतो आणि सल्फाइड पितळी, दोघांत गल्लत होत नाही. सगळा छेद वरून खाली, पट्टी-पट्टीने तपासला. पांढरा कण एकही नाही. सल्फाइड मात्र भरपूर, छेदाच्या सुमारे सहा टक्के.

एका दाण्यापाशी बराच वेळ थांबले. साधारण १२० मायक्रॉनचा, वेडावाकडा. मधला भाग स्वच्छ पितळी, आत ज्योतीसारख्या फिकट रेघा: पायऱ्होटाइट या लोह-सल्फाइडमधून वेगळं झालेलं पेंटलँडाइट, म्हणजे निकेल असलेलं सल्फाइड. कडेला तीन-चार मायक्रॉनची करडी किनार, ती गंजाची. किनार बाहेरच्या भेगेला जाऊन मिळते आणि भेगेतून पुढच्या दाण्याकडे जाते. काकांचं 'रेषेरेषेने' ते हेच.

आता विचार असा. गंज चढताना धातू आणि सल्फाइड बरोबरीने झिजतात, त्यातही धातूला आधी मार बसतो. सल्फाइडचा गाभा एवढा ताजा आणि शेजारचा धातू मात्र झाडून सगळा गेला, हे पटत नाही. शिवाय धातूचा दाणा गंजला तरी त्याचा साचा मागे राहतो: त्याच आकाराचा करडा ठोकळा, जागच्या जागी. असे साचे मुद्दाम शोधले. सापडले नाहीत.

मॅडमचं मत: पुरावा चांगला, पण अभावाचा. खनिजानेच सांगितलं पाहिजे.

३ जुलै
इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबवर (एकेका बिंदूची रासायनिक घटना मोजणाऱ्या यंत्रावर) पाळी लागली. छेदावर कार्बनचा लेप दिला, १५ किलोव्होल्ट, २० नॅनोअँपिअर. सुरुवात, मध्य आणि शेवट अशी तीनदा सॅन कार्लोस ऑलिव्हिनवर तपासणी केली. त्याची घटना पक्की माहीत असल्याने यंत्र भरकटलं तर लगेच कळतं. भरकटलं नाही.

पहिल्या ऑलिव्हिनचा आकडा पडद्यावर आला तेव्हा वाटलं बिंदू कडेवर पडला असेल. दुसरा घेतला, तिसरा घेतला. दुपारपर्यंत ४२ बिंदू झाले. फायलाइटचं (ऑलिव्हिनमधल्या लोहाच्या वाट्याचं) प्रमाण सरासरी ३९.२ मोल टक्के, सगळे बिंदू ३८.५ ते ३९.९ च्या आत.

शिडी अशी आहे. एच कॉन्ड्राइटच्या ऑलिव्हिनमध्ये फायलाइट १६ ते २० टक्के, एलमध्ये २२ ते २६, एलएलमध्ये २७ ते ३२. साध्या कॉन्ड्राइटची शिडी तिथेच संपते आणि हा दगड त्याही वर उभा आहे.

ऑलिव्हिन हे मॅग्नेशियम आणि लोहाचं सिलिकेट. परिसरात ऑक्सिजन बेताचा असेल तर लोह धातूच्या रूपात वेगळं राहतं आणि ऑलिव्हिनला थोडंच मिळतं. ऑक्सिजन मुबलक असला की लोहाचं ऑक्सिडीकरण होतं आणि ते ऑलिव्हिनमध्ये शिरतं, धातू उरतच नाही. दगडातला धातू कमी तितकं ऑलिव्हिनमधलं लोह जास्त, हा हिशेब एचपासून एलएलपर्यंत पायरीपायरीने दिसतो. इथे तो टोकाला गेलाय. निकेलही तेच सांगतं. साध्या कॉन्ड्राइटमध्ये निकेल धातू सोडत नाही, म्हणून ऑलिव्हिनमध्ये ते जवळजवळ सापडतच नाही. आज प्रत्येक बिंदूवर निकेल ऑक्साइड ०.२ ते ०.३ टक्के मिळालं. आसऱ्याला धातू नसल्याने निकेल ऑलिव्हिनमध्ये आणि सल्फाइडमध्ये वाटलं गेलं.

वाळवंटातला गंज भेगांतून फिरतो. ऑलिव्हिनच्या गाभ्यात लोह आणि निकेल भरणं त्याच्या आवाक्यातलं नाही. हे ऑक्सिडीकरण दगड पृथ्वीवर येण्याच्या अब्जावधी वर्षं आधीचं आहे.

रात्री वहीतली 'ब' ओळ खोडली.

४ जुलै
आता उरलेल्या दावेदारांकडे. धातू नाही आणि ऑलिव्हिनमध्ये लोह जास्त, असे गट मोजकेच.

ब्रॅकिनाइट: फायलाइट साधारण ३० ते ३५, पण तो वितळलेल्या खडकातून घडलेला, त्यात कॉन्ड्रूल, म्हणजे ते गोल दाणे, नसतात. बाद.

सीके कॉन्ड्राइट: हा खरा स्पर्धक. कॉन्ड्रूल आहेत, धातू जवळजवळ नाही, ऑलिव्हिनमध्ये निकेल आहे. पण त्याचं फायलाइट ३० च्या आसपास थांबतं आणि त्यात मॅग्नेटाइट (चुंबकीय लोह-ऑक्साइड) भरपूर असतं, त्यामुळे चुंबकीय ग्रहणशीलता ४.६ च्या घरात जाते. आमची ३.२. छेदात मॅग्नेटाइट शोधलं, फक्त गंजाच्या शिरांत तुरळक. त्याऐवजी टायटॅनियमचं प्रमाण चांगलं असलेलं क्रोमाइट मिळालं. बाद.

राहिला रुमुरुटी गट, म्हणजे आर कॉन्ड्राइट. फायलाइट ३७ ते ४२, पायऱ्होटाइट आणि पेंटलँडाइट, धातू नावापुरताही नाही, प्लॅजिओक्लेज (एक फेल्डस्पार खनिज) सोडियमप्रधान. सगळं जुळतं. छेदात गोल दाण्यांच्या कडा पुसट झाल्या आहेत, प्लॅजिओक्लेजचे कण ओळखू येण्याइतके मोठे, ऑलिव्हिन एकसारखं. वहीत लिहिलं: 'आर ५' (पाच ही तापण्याची पायरी).

१० जुलै
'आर ५' चुकीचं आहे. निदान अपुरं तरी नक्कीच.

मॅडमनी दुसरा छेद मागितला होता, गडद भागातून. मला ती औपचारिकता वाटली. आज मायक्रोप्रोबवर तो लावला आणि पहिल्या दहा बिंदूंतच फायलाइट ७, २२, ४१, ३९, १३ असे आकडे आले. एकाच कॉन्ड्रूलच्या गाभ्यात ११ आणि कडेला ३८. शेजारच्या मॅट्रिक्समध्ये, म्हणजे दाण्यांमधल्या बारीक भरण्यात, ४० च्या पुढेमागे.

हा भाग कधी नीट तापलाच नव्हता. दगड मातृपिंडात दीर्घकाळ तापला की दाण्यादाण्यातलं लोह सरमिसळ होऊन सगळीकडे सारखं होतं. म्हणून ऑलिव्हिनची घटना सरासरीपासून ५ टक्क्यांहून जास्त भरकटत असेल तर तिसरी पायरी धरतात आणि सारखी होत गेली की चौथी, पाचवी, सहावी. गडद भाग तिसऱ्या पायरीवर, फिकट डाग पाचव्या. दोघं एकाच दगडात, मध्ये धारदार सीमा.

म्हणजे हा ब्रेशिया आहे. लघुग्रहाच्या पृष्ठभागावर आघातांनी वेगवेगळ्या खोलीवरचे खडक फुटले, मिसळले आणि पुन्हा घट्ट झाले. खालून आलेला तापलेला तुकडा फिकट, वरचा न तापलेला चुरा गडद. आर कॉन्ड्राइटमध्ये हे नेहमीचं असतं, आणि ४ जूनच्या नोंदीत मीच लिहिलंय, 'कडा अगदी ठळक'. दिसलं होतं, पण कापायला सोपी म्हणून जागा निवडली. एका फिकट डागावरून पूर्ण दगडाला पायरी देऊन टाकली होती.

मॅडम रागावल्या नाहीत. दोन्ही छेद शेजारी ठेवून म्हणाल्या, "पुढच्या वेळी आधी कापलेलं सगळं तोंड बघायचं, जागा मग ठरवायची." सुधारित नोंद: आर ३-५, ब्रेशिया.

१२ जुलै
या गटाचा इतिहास वाचला. १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियात कार्लाइल लेक्स नावाचा दगड सापडला. तो कुठल्याच खणात बसेना आणि बराच काळ निराळाच गणला गेला. त्याआधी २८ जानेवारी १९३४ रोजी केनियात रुमुरुटीजवळ एक अशनी पडला होता. त्याचा शंभर ग्रॅमही न भरणारा तुकडा बर्लिनच्या संग्रहालयात होता, पण त्याचं खरं स्वरूप १९९० च्या दशकात उलगडलं. पडताना पाहिलेला तो एकच असल्यामुळे गटाला त्याचं नाव मिळालं. जवळजवळ साठ वर्षं तो ओळखीची वाट बघत कपाटात होता. आज सत्तर हजारांहून जास्त नोंदलेल्या अशनींमध्ये आर गटाचे काही शेकडाच आहेत, आणि त्यातही एकाच दगडाचे वेगवेगळ्या क्रमांकांनी नोंदले गेलेले तुकडे असणार.

२४ जुलै
आघाताची पायरी: एकमेकांना काटकोनात असलेल्या ध्रुवकांखाली छेद फिरवताना फिकट भागातलं ऑलिव्हिन एकदम काळं न होता लहरत विझतं, समांतर भेगा दिसत नाहीत. दुसरी पायरी, अंदाजे ५ ते १० गिगापास्कल.

गंजाची पायरी मात्र सोपी गेली नाही. प्रचलित मोजपट्टी साध्या कॉन्ड्राइटसाठी बनलेली, धातू आणि सल्फाइड यांचा किती भाग गंजला त्यावर ती चालते. इथे धातूच नाही, तर मोजायचं काय? नुसत्या तपकिरी डागांवरून अंदाज बांधायचा नाही असं ठरवलं. दोन्ही छेदांत मिळून २०० सल्फाइड दाणे मोजले आणि प्रत्येकाचा किती भाग गंजला ते लिहिलं. सालीजवळ जवळजवळ निम्मे, मध्यभागी फक्त किनार. सगळं मिळून तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. २० ते ६० टक्क्यांना दुसरी पायरी. कशावरून ठरवली ते अहवालात स्पष्ट लिहायचं.

९ ऑगस्ट
गडद छेदाच्या इलेक्ट्रॉन प्रतिमेत एका सल्फाइडच्या कडेला एक पांढराशुभ्र ठिपका. जितकं मूलद्रव्य जड तितका तो भाग उजळ दिसतो, आणि या ठिपक्यापुढे सल्फाइडही काळपट वाटत होतं. दोन मायक्रॉनही नसेल. क्ष-किरणांच्या आलेखात प्लॅटिनम आणि टेल्युरियमची शिखरं.

साध्या कॉन्ड्राइटमध्ये प्लॅटिनम गटातली मूलद्रव्यं धातूत विरघळून राहतात, वेगळी दिसत नाहीत. इथे धातूच नसल्याने ती स्वतःचे कण करून बसली. आर कॉन्ड्राइटमध्ये असे कण याआधीही वर्णिलेले आहेत, त्यामुळे शोध म्हणता येणार नाही. पण ६ जूनच्या प्रश्नाचं इतकं नेटकं उत्तर दोन मायक्रॉनमध्ये मिळेल असं वाटलं नव्हतं. काकांना बोलावून दाखवलं. ते बराच वेळ पडद्याकडे बघत उभे राहिले.

अंटार्क्टिकातल्या लापाझ ०४८४० या आर कॉन्ड्राइटमध्ये अ‍ॅम्फिबोल आणि अभ्रक सापडले आहेत, म्हणजे पाणी धरून ठेवणारी खनिजं. तीही शोधली. आमच्याकडे नाहीत.

२ सप्टेंबर
ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे निकाल आले. या गटाच्या नोंदणीला ते लागतातच असं नाही, पण दोन निराळे भाग एकाच कुळातले आहेत का, हे तपासायचं होतं.

नमुना दोन-दोन मिलिग्रॅमचा, लेसरने तापवून ब्रोमीन पेंटाफ्लोराइडने ऑक्सिजन मोकळा केलेला. पृथ्वीवरचे सगळे खडक ०.५२ उताराच्या एका रेषेवर बसतात, त्या रेषेपासून नमुना किती वर किंवा खाली, तोच आकडा कामाचा. फिकट भागाचा डेल्टा १७ आला ५.२ आणि डेल्टा १८ आला ४.९ (ऑक्सिजन-१७ आणि ऑक्सिजन-१८ यांचं प्रमाण मानकापेक्षा हजारामागे किती जास्त, ते). ४.९ ला ०.५२ ने गुणून ५.२ मधून वजा केलं की २.६५. आर गट २.७ च्या आसपास असतो आणि ज्ञात कॉन्ड्राइट गटांत तो सगळ्यांत वर आहे. एच ०.७, एल १.१, एलएल १.३. सीके तर रेषेच्या खाली, उणे चारच्या सुमारास.

गडद भागाचा आकडा मात्र २.३५. क्षणभर धास्ती वाटली. मग लक्षात आलं, हा नमुना गंज न काढताच दिला गेला होता. गंजातला ऑक्सिजन पृथ्वीचा, म्हणजे शून्याच्या रेषेवरचा, तो दगडाला आपल्याकडे ओढणारच. नमुना अमाइनच्या द्रावणात धुऊन गंज काढला आणि पुन्हा पाठवला.

१६ सप्टेंबर
धुतलेल्या गडद भागाचा आकडा: २.६१. दोन्ही भाग एकाच कुळातले.

२२ सप्टेंबर
नोंदणीचा मसुदा पूर्ण केला. आर ३-५, ब्रेशिया, आघात पायरी दोन, गंज पायरी दोन (सल्फाइडवरून). मसुदा वाचून मॅडमनी एकच ओळ बदलायला सांगितली. मी 'धातू आढळला नाही' असं लिहिलं होतं. त्यांनी पुढे जोडलं: 'धातूच्या जागी गंजाचे साचेही आढळले नाहीत.'

नियमाप्रमाणे २० ग्रॅम किंवा एकूण वजनाच्या २० टक्के, यांपैकी कमी असेल तेवढा नमुना संग्रहात कायमचा ठेवायचा. आमच्या बाबतीत २० ग्रॅम. काकांनी काप असा घेतला की फिकट आणि गडद यांच्यातली सीमा तुकड्याच्या मधोमध आली. वजन २१.३ ग्रॅम. डबीवर तारीख टाकली, क्रमांकाची जागा कोरी ठेवली.